नागपुरात संपलेले सेल आणि फुगलेली बॅटरी कुठे द्यायची?

संपलेले सेल, फुगलेली मोबाइलची बॅटरी आणि जुने चार्जर कचरागाडीत दिले तर चालतं का, असं तुम्ही विचारलंय. नका देऊ. गाडीत लिथियमची बॅटरी दाबली गेली की पेट घेऊ शकते, आणि पुढे हा कचरा भांडेवाडीच्या कचरा डेपोत जातो.

आमच्या खिडकीत पडलेला जुना फोन मे महिन्याच्या उन्हात इतका फुगला, की मागचं झाकणच उचललं गेलं. अशी बॅटरी टोचू नका, दाबू नका, चार्जिंगला तर अजिबात लावू नका. बॅटरी फोनबाहेर, सुटी असेल तर तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून कोरड्या वाळूच्या डब्यात, सावलीत ठेवा आणि लवकरात लवकर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर द्या. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या आणि ई-कचऱ्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे हक्कानं विचारा. फोनमधला डेटा आधी पुसा.

इन्व्हर्टरची बॅटरी सोपी, नवी घेताना दुकानदार जुनी घेतो आणि तेवढे पैसे कमी करतो.

वायरी, चार्जर मात्र कबाडीवाल्याला देऊ नका. तांब्यासाठी त्या बरेचदा उघड्यावर जाळल्या जातात आणि तो विषारी धूर जाळणाऱ्याच्याच छातीत जातो.