पूर्ण हातभर टॅटू करायचाय, पण दुखण्याची भीती वाटते. कलाकार कसा निवडू? सोलापुरात करू की पुण्याला जाऊ?

तुम्ही लिहिलंय की वय चोवीस, खांद्यापासून मनगटापर्यंत एकच सलग डिझाइन हवंय, आणि रात्री व्हिडिओ बघितले की हिंमत खचते. माझ्या डाव्या हातावर खांद्यापासून कोपरापर्यंत आणि मागे पाठीवर फऱ्यापर्यंत टॅटू आहे, म्हणून ऐकीव सांगत नाही. तुमचे प्रश्न वेगवेगळे दिसतात, पण किती दुखणार हे बरंचसं सुई धरणाऱ्या हातावरच ठरतं. म्हणून कलाकार नीट निवडलात तर भीतीचा निम्मा बंदोबस्त तिथेच होतो.

आधी दुखण्याचं. दुखतं, उगाच धीर देत नाही. उन्हात करपलेल्या कातडीवर कुणीतरी नखाने सावकाश ओरखडत राहावं, तसं. बाहेरच्या रेघा काढताना ते टोकदार असतं, पण रेघ संपते आणि श्वास घ्यायला मिळतो. शेडिंगला सुयांचा रुंद गुच्छ त्याच त्या जागेवरून फिरत राहतो, तेव्हा आग होते. आणि सगळ्यात वैताग आणणारी गोष्ट सुई नव्हेच, मधूनमधून कागदाने पुसणं! तिसऱ्या तासाला ते पुसणं नको नको होतं.

हातावर दंडाची बाहेरची बाजू सगळ्यात सोपी. काखेजवळचा आतला भाग, कोपराची आतली घडी आणि मनगटाची आतली बाजू या तीन जागा खऱ्या परीक्षेच्या. कोपराच्या हाडावर दुखण्यापेक्षा थरथर जास्त जाणवते, ती थेट दातांपर्यंत पोचते. पण जागेपेक्षाही वेळ महत्त्वाचा. पहिला अर्धा तास अंग बिचकतं, मग तास-दोन तास शरीर जुळवून घेतं, गप्पाही होतात. चौथ्या तासाच्या आसपास साखर उतरते, थंडी वाजल्यासारखं होतं, आणि सकाळी सोसलेली तीच सुई सोसवेनाशी होते. म्हणून चार-पाच तासांवर एकही बैठक नको. पूर्ण हाताला एकूण पंधरा-वीस तास सहज लागतात, बारीक काम असेल तर जास्तच. ते अनेक बैठकांत वाटायचे, आणि त्याच जागेवर परत सुई लावायची तर मध्ये तीन-चार आठवडे जाऊ द्यायचे.

जायच्या दोन तास आधी पोटभर जेवा. भाकरी, भाजी, शेंगाचटणी, जे रोज पचतं तेच. बरोबर चिक्की नाहीतर शेंगदाण्याचे लाडू आणि लिंबू सरबत ठेवा. आदल्या रात्री दारू नको आणि जागरणही नको. डोकं दुखतंय म्हणून अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, त्याने रक्त जास्त येतं. रक्त पातळ करायचं औषध डॉक्टरांनीच चालू केलं असेल तर ते परस्पर थांबवायचं नाही, आधी त्यांना विचारायचं. मधुमेह असेल किंवा जखमेच्या जागी कातडी फुगून जाड गाठ राहायची सवय असेल, तरी आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. अशी गाठ खांद्यावर आणि छातीवर जास्त येते.

बधिर करायच्या क्रीमबद्दल सगळेच विचारतात. लिडोकेन आणि प्रिलोकेनचं मिश्रण असतं. लावून वर प्लास्टिक गुंडाळून तासभर थांबायचं, मग तास-दोन तास बरं वाटतं. छोट्या जागेला ठीक आहे. पूर्ण हाताला थापून गुंडाळून ठेवणं मात्र धोक्याचं. औषध रक्तात जास्त गेलं तर हृदयाची लय बिघडू शकते, झटके येऊ शकतात, रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकदही कमी होऊ शकते. शिवाय असर उतरतो तो एकदम, आणि तोवर कातडी सुजलेली असते. लावायचंच असेल तर काखेजवळच्या किंवा कोपराच्या घडीपुरतं, डॉक्टरांना विचारून आणि कलाकाराला आधी सांगून.

आता कलाकार. टॅटूची शाई कातडीच्या वरच्या थराखाली, साधारण १ ते २ मिलिमीटर खोल बसावी लागते. हात जड असेल तर सुई खोल जाते, रक्त येतं, खपली जाड धरते आणि रेघेभोवती निळसर धुकं पसरतं. हात कच्चा असेल तर शाई बसत नाही, म्हणून तो तीच रेघ पुन्हा पुन्हा मारतो. दोन्हीकडे तुम्ही गरजेपेक्षा जास्त सोसता आणि टॅटूही खराब होतो. बसलेला हात एकदाच जातो. एकाकडे तीन तास शांतपणे निघतात आणि दुसऱ्याकडे पाऊण तासात डोळ्यांत पाणी येतं, याचं कारण हे.

फोटो बघताना ताजे फोटो बाजूला ठेवा. सुई थांबल्या थांबल्या काढलेला फोटो, वर लाइट, त्यावर फिल्टर, त्यात सगळंच झकास दिसतं. वर्षभर जुने, जखम पूर्ण भरलेले टॅटू मागा, तेही आपल्यासारख्या सावळ्या कातडीवरचे. आपल्या रंगावर काळा सुंदर उठतो. पिवळा, फिका गुलाबी, पांढरा असे रंग जखम भरल्यावर मंद होतात. हे आपणहून सांगणारा कलाकार मला विश्वासाचा वाटतो. ‘सगळे रंग मस्त दिसतील’ म्हणणारा नाही. जुने फोटो नाहीत म्हणाला तर चहा घेऊन परत यायचं.

दुसरं, त्याचा हात कशात आहे ते बघा. चेहरे उत्तम काढणाऱ्याला भौमितिक नक्षी जमेलच असं नाही. माझ्या वडिलांचे सोलापूरच्या पूर्व भागात माग होते, म्हणून मला चादरीच्या काठाची नक्षी हवी होती. मागावर अशी नक्षी विणायच्या जकार्ड यंत्राचं डिझाइन ग्राफ पेपरवर चौकटी भरून काढतात, सगळं काटकोनात. हात कुठे काटकोनात असतो! मनगट फिरवलं की सरळ रेघ पीळ खाते. त्यामुळे स्टेन्सिल, म्हणजे कातडीवर आधी उमटवायचा डिझाइनचा छाप, उभं राहून, हात सैल सोडून लावावं लागतं, आरशात बघावं लागतं, आणि पटलं नाही तर पुसून परत लावावं लागतं. एका ठिकाणी मला झोपवूनच स्टेन्सिल लावायला निघाले, तिथून मी उठून आले. ज्याच्याकडे शेवटी केलं त्याने स्टेन्सिल लावण्यातच सकाळ घालवली. पूर्ण हाताचा आराखडा पहिल्या बैठकीआधी कागदावर हवा. इथे एक गुलाब, तिथे एक वाघ, मधली जागा नंतर बघू, असं केलं की हात वहीच्या शेवटच्या पानासारखा दिसतो.

स्वच्छतेचं विचारायला लाजू नका. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे, तारीख तुम्ही वाचली पाहिजे. शाई छोट्या टोप्यांमध्ये काढून उरलेली फेकायची, बाटलीत परत ओतायची नाही. मशीन आणि वायरला प्लास्टिकचं आवरण. हातमोज्याने मोबाइल धरला तर हातमोजा बदलायचा. शक्य असेल तर आधी एकदा दुसऱ्या कुणाची बैठक चालू असताना जाऊन बसा, अर्ध्या तासात सगळं कळतं. आणि हिपॅटायटिस बीची लस लहानपणी झाली नसेल तर घेऊन टाका. तीन डोस असतात, पहिल्यानंतर एक आणि सहा महिन्यांनी, म्हणून आतापासून सुरुवात करा. आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत रांगेने बसून हातावर नाव गोंदवून घेणारे दिसतात. मला ती गर्दी आवडते, पण तिथली सुई अंगाला लावून घेणार नाही.

सोलापूर की पुणे? वरच्या कसोट्यांना उतरणारा इथे सापडला तर इथेच करा. घरी जाऊन पडता येतं, काही बिघडलं तर दाखवायला जाता येतं. नाही सापडला तर पुणे. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी जाऊन संध्याकाळच्या गाडीने परत येता येतं, पण चार तास सुई आणि वर चार तास प्रवास हे पहिल्यांदा जड जातं. मुक्काम करता आला तर बघा. गाडीत ताजा हात खिडकीच्या बाजूला ठेवा, येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का लागता कामा नये. पैशांचं म्हणाल तर कुणी चौरस इंचावर घेतं, कुणी बैठकीवर. मोठ्या कामाला बैठकीचा हिशेब बरा, कलाकाराला इंच मोजायची घाई राहत नाही.

मुहूर्त मात्र आपल्या हवेचा बघा. मार्च ते मे विसरा. चाळिशीपार ऊन, घाम, धूळ, त्यात ओली जखम. दिवाळीनंतर सुरू केलंत तर उन्हाळ्याआधी बरंच काम उरकतं. वरची कातडी दोन ते चार आठवड्यांत भरते, तोवर विहिरीत पोहणं बंद. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून पिंपातलं साठवणीचं पाणी हातावर घेऊ नका; उकळून गार केलेलं पाणी आणि सौम्य साबण वापरा. पुसायला टॉवेल नको, त्याचे धागे चिकटतात. टॉवेलच्या गावात राहून कागदाने पुसायचं! आई हळद घेऊन येईल, तिला प्रेमाने थांबवा. कलाकाराने सांगितलेलं मलम पातळ लावायचं, खपली ओढायची नाही, बाहेर पडताना सैल सुती बाही. लाली पसरत गेली, पू आला किंवा ताप चढला तर कलाकाराला नव्हे, डॉक्टरांना फोन करा.

आणि तुमचं वय बघून विचारते, सैन्यभरतीचा विचार तर नाही ना? तिथे कायमचा टॅटू फक्त कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालतो. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीनुसार सवलत आहे. दंडभर टॅटू असेल तर तिथेच थांबावं लागेल. इतर भरत्यांचे नियम वेगळे असतात, जाहिरात वाचूनच तारीख घ्या. रक्तदान करत असाल तर तेही १२ महिने बंद, आणि ते महिने शेवटच्या बैठकीपासून मोजायचे.