बिल्डिंग मटेरियलच्या दुकानात 13 हजारांवर काउंटरला लागावं का? नाशिकमध्ये या धंद्यात पगार वाढतो का?

तुम्हाला द्वारकेजवळच्या दुकानात 13 हजार सांगितलेत, माल सिमेंटपासून सॅनिटरीपर्यंत सगळा, आणि पुढे वाढ मिळते का हा तुमचा प्रश्न. मी नाशकात आधी सिमेंट-स्टीलच्या दुकानात होतो, आता टाइल्सच्या शोरूममध्ये आहे, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकतो.

आधी 13 हजार किमान वेतनात बसतात का ते बघा. दुकानांसाठी कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वेगळे दर आहेत आणि विशेष भत्ता जानेवारी-जुलैमध्ये बदलतो. शेठ बऱ्याचदा जुन्याच दराने बोलत असतात. चालू दर कामगार आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर मिळेल.

वाढीचं म्हणाल, तर इथे पगार मालाच्या मार्जिनवर चालतो. सिमेंटच्या गोणीत दुकानदाराला सुटतं थोडं. सप्टेंबर 2025 मध्ये सिमेंटचा जीएसटी 28 चा 18 टक्के झाला, त्याने काउंटरवाल्याचा पगार काही हलला नाही. टाइल्स, नळ, रंग यांत सुटतं जास्त, म्हणून तिथे इन्सेंटिव्ह असतं. सिंहस्थाची कामं निघाल्यापासून हमाल आणि ड्रायव्हर टिकवणं अवघड झालंय. हमालाला दर पटला नाही तर तो दुसऱ्या दिवशी दुसरीकडे गाडी खाली करतो. आपली काउंटरवाल्यांची वाढ मात्र दिवाळीच्या दिवाळी, तीही मागितली तर.

मागायची ताकद येते ती हिशेबातून. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, 7 बाय 5 चं बाथरूम आहे, 7 फुटांपर्यंत टाइल्स लावायच्यात. भिंतींचे 168 चौरस फूट, दार वजा करून दीडशे, वर तुटफुटीचे दहा टक्के, जमिनीचं वेगळं. हे तोंडावर सांगून लगेच कोटेशन काढणारा पोरगा शेठ सहजासहजी सोडत नाही. रंगाच्या दुकानात तेच टिंटिंग मशीन, म्हणजे हवी ती शेड मिसळून देणारं मशीन, चालवणाऱ्याचं. नुसता माल काढून देणारा वर्षानुवर्षं तिथेच राहतो, असे दोघेतिघे माझ्या डोळ्यासमोर आहेत.

आता कागदाचं, आणि मला विचाराल तर हजार-दोन हजारांपेक्षा हे मोठं. दुकानात दहा किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागतो. 13 हजारांवर तुमचे 98 रुपये कापले जातात, मालक 423 भरतो, आणि घरच्यांसकट सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात उपचार मिळतात. वीस माणसांवर पीएफ. दहा माणसांच्या दुकानात पाच वर्षं काढली तर नोकरी सोडताना ग्रॅच्युइटीची एकरकमी रक्कम मिळते, 13 हजार मूळ पगार धरला तर वर्षामागे साडेसात हजार. पण हातावर रोख पगार आणि हजेरी नुसती वहीत असेल तर पाच वर्षं कशावरून सिद्ध करणार? पगार बँकेतच मागा. काही ठिकाणी हजेरीपटावर माणसं मुद्दाम नऊच दाखवतात, तेव्हा आत गेल्यावर डोकी मोजा.

इन्सेंटिव्ह विक्रीवर की वसुलीवर, हेही रुजू होण्याआधीच विचारून घ्या. ठेकेदार माल उचलतो मार्चमध्ये आणि पैसे देतो गणपतीत. वसुलीवर असेल तर तोवर तुमचं इन्सेंटिव्ह त्याच्याच खिशात.