कोथिंबिरीची जुडी आणि कार्डाचं बिल : वाचकांचे घरखर्चाचे प्रश्न

प्रश्न : ताई, मिस्टरांचा पगार हातात ३४ हजार येतो, त्यात भाडं, मुलांची व्हॅन, दूध, किराणा. मी भाजी रात्री उशिरा बाजार उठताना घेते, रिक्षा टाळते, वहीत रोजचा खर्च लिहिते तरी २० तारखेनंतर दुकानात उधारी सुरू होते. मागच्या वर्षी सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन आणि फ्रिज असे ४० हजार क्रेडिट कार्डावर गेले, त्याचे दर महिन्याला २ हजार न चुकता भरतोय पण रक्कम हलतच नाही. घरात सगळे म्हणतात माझाच हात सढळ आहे. अजून कुठे काटकसर करू? (नाशिकरोडहून एक वाचक)

उत्तर : अहो तुमची वही ठेवा बाजूला, तुमच्या हाताला काही झालेलं नाही. मिस्टरांना कार्डाचं स्टेटमेंट काढायला सांगा आणि त्यात फायनान्स चार्जेस असं लिहिलेली ओळ दोघांनी मिळून वाचा. कार्डावर बाकी राहिलेल्या रकमेला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, महिन्याला बरं का, वर्षाला नाही. ४० हजारांवर झाले १४०० रुपये, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी २५२, एकूण १६५२. तुम्ही २ हजार भरता त्यातले मुद्दलात जमा होतात जेमतेम ३४८. या चालीने नवीन एक रुपयाची खरेदी न करता सुद्धा कर्ज फिटायला साडेतीन वर्षं लागतील आणि तोवर ४० हजारांचे ८६ हजार भरून झालेले असतील. आता मला सांगा, कोथिंबिरीच्या जुडीत पाच रुपये वाचवून हे भोक बुजणार आहे का? पण घरात बोलणी कोथिंबिरीवरनंच होतात, कारण भाजी आणते बाई आणि कार्ड असतं दुसऱ्याच्या खिशात. असो.

करायचं काय, तर हे कर्ज स्वस्त कर्जाने फेडायचं. थोडं सोनं असेल तर बँकेत सोनेतारण करा, तिथे व्याज साधारण वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास असतं, बँकेप्रमाणे कमीजास्त. तेच ४० हजार, तोच २ हजारांचा हप्ता, पण पहिल्या महिन्याचं व्याज ३३३ रुपये आणि कर्ज २२ महिन्यांत खलास, एकूण भरणा ४४ हजार. नेताना एवढं बघा की मधे मधे मुद्दल भरून घेतात का, आणि पावतीवर दागिन्याचं वजन नीट लिहिलंय का. सोनं गहाण टाकायला मन होत नाही हे मला कळतं, सासूबाई काय म्हणतील हाही प्रश्न असतोच, पण कपाटातली पाटली तुम्हाला व्याज देत नाही आणि कार्ड रोज घेतंय. सोनं नसेल तर कुठे एफडी पडून आहे का बघा, ती मोडा. आणि तेही नसेल तर बँकेला फोन करून बाकी रकमेचे हप्ते पाडून मागा, दर कार्डापेक्षा कमी मिळतो, प्रोसेसिंग फी किती ते आधी विचारा.

आणि तोपर्यंत कार्ड कपाटात. जुनी बाकी असताना नवीन खरेदी केली की ती पन्नास दिवस बिनव्याजी वगैरे काही नसते, त्या दिवसापासनंच मीटर चालू होतो. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, किराणा पण कार्डावर घेतात वर पॉइंट मिळाले म्हणून खूश.

प्रश्न : मी डोंबिवलीत राहते, तीन वर्षांपासून दिवाळीला चकलीच्या ऑर्डरी घेते. चव आवडते, लोक परत परत मागतात. ४०० रुपये किलोने देते. पण दिवाळी झाली की हातात विशेष काही उरत नाही, नुसती कंबर धरते. दर वाढवला तर गिऱ्हाईक तुटेल का?

उत्तर : दर वाढवायच्या आधी एकदा नीट हिशोब मांडा. बहुतेक जणी तांदूळ, डाळी, तेल एवढंच धरतात आणि बाकी घरातलंच आहे म्हणून सोडून देतात. दळणाचे पैसे, गॅस, तीळ-ओवा, पिशव्या-डबे, पोचवायला गेलेली रिक्षा, मोडलेल्या चकल्या (त्या घरात खाल्ल्या जातात पण विकल्या तर जात नाहीत) हे सगळं त्यात हवं. तेल किती लागलं ते अंदाजाने लिहू नका, कढईत घालायच्या आधी वजन करा आणि शेवटी उरलेलं परत वजन करा, मधला फरक बघून डोळे पांढरे होतात. तसंच एक किलो भाजणीच्या तयार चकल्या किती उतरतात तेही एकदा काट्यावर बघून ठेवा, मोहन आणि उकड प्रत्येकीची वेगळी त्यामुळे दुसरीचा आकडा आपल्याला चालत नाही.

समजा १० किलोला हा सगळा खर्च २३०० आला. विक्री ४०००, उरले १७००. छान वाटतं ना? आता त्याला तुम्ही आणि जाऊबाई दोघी, दोन दिवस, आठ आठ तास, म्हणजे ३२ तास उभ्या होतात. तासाला ५३ रुपये. तासाला निदान १०० तरी सुटायला हवेत असं धरलं तर ३२०० तुमची मजुरी आणि २३०० खर्च, मिळून ५५००, म्हणजे दर झाला ५५० रुपये किलो. आकडे तुमचे तुम्ही घाला, रीत हीच. काही गिऱ्हाइकं तुटतील, तुटू देत की, तुम्हीच सांगताय लोक परत परत मागतात. दर एकदम टोचत असेल तर अर्ध्या किलोचं पाकीट करा, ऑर्डर घेताना निम्मे पैसे आधी घ्या आणि बुकिंगची तारीख ठरवून टाका, शेवटच्या दोन दिवसांतल्या ऑर्डरी अजिबात घ्यायच्या नाहीत, त्यातच कंबर जाते.

पण मला विचाराल तर तुमचा खरा माल चकली नाहीच, भाजणी आहे. डोंबिवलीत नोकरी करणाऱ्या किती जणींना चकली घरीच तळायची असते पण भाजायला आणि दळायला वेळ नसतो. भाजणीला तेल नाही, तळण नाही, मोडतोड नाही, टिकते पण जास्त, आणि एकदा भाजायला बसलं की दोन किलो काय आणि आठ काय. सोबत थालीपिठाची भाजणी, मेतकूट, उपासाची भाजणी असं ठेवलंत तर धंदा फक्त दिवाळीपुरता राहणार नाही, श्रावणातही चालेल. या दिवाळीला चकली निम्म्यावर आणा आणि भाजणी लावून बघा.

दोन गोष्टी मात्र कायद्याच्या. खाण्याचा पदार्थ विकायचा तर एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी खात्याचं, रजिस्ट्रेशन लागतं, घरगुती छोट्या धंद्याला वर्षाची फी १०० रुपये आहे आणि अर्ज ऑनलाइन होतो, एजंटला हजारो रुपये देऊ नका. आणि घरगुती लाल सिलिंडर धंद्याला वापरायला परवानगी नाही, त्याला १९ किलोचा कमर्शियल लागतो, म्हणून खर्चात गॅस त्याच दराने धरा.

प्रश्न : लाडकी बहीणचे १५०० येतात त्यात ५०० घालून २ हजार महिना बाजूला ठेवायचे ठरवलंय. आमच्या गल्लीत १२ जणींची भिशी आहे, घरी पतसंस्थेचा पिग्मीवाला येतो, आणि नणंद म्हणते पोस्टात आरडी कर. कशात घालू? (गडहिंग्लज)

उत्तर : तिन्हीचं काम वेगळं आहे हो, एकाच पारड्यात घालू नका. भिशीत १२ जणी दोन दोन हजार म्हणजे दर महिन्याला २४ हजार एकीला. जिला पहिल्या महिन्यात लागली तिला बिनव्याजी कर्ज मिळालं, जिला शेवटी लागली तिने वर्षभर बाकीच्यांना बिनव्याजी पैसे वापरायला दिले. तोटा आहे, पण चारचौघीत कबूल केलंय म्हटल्यावर हप्ता चुकत नाही, या लाजेचा उपयोग मोठा आहे, घरी डब्यात ठेवलेले पैसे असे टिकत नाहीत. त्यामुळे जूनमधली शाळेची खरेदी, गणपती, दिवाळी, विम्याचा हप्ता असल्या वर्षाच्या वर्षाला येणाऱ्या खर्चाला भिशी चांगली. फक्त ओळखीच्या बायकांची, चिठ्ठी टाकून काढायची, आणि पैसे त्याच दिवशी वाटून मोकळं व्हायचं अशीच. लिलावाची भिशी किंवा कोणी एक माणूस ५० जणांचे पैसे स्वतःकडे ठेवून जास्त व्याज देतो म्हणत असेल तर तिकडे फिरकू नका, रजिस्ट्रेशन नसताना लोकांकडून असल्या ठेवी गोळा करायला २०१९ च्या कायद्याने बंदी आहे.

पोस्टाची आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची ठेव, पाच वर्षांची, १०० रुपयांपासून सुरू होते. व्याजदर सरकार दर तीन महिन्यांनी ठरवतं, पण तुम्ही खातं उघडाल त्या दिवशीचा दर पाचही वर्षं तुम्हाला बांधलेला. ६.७ टक्क्यांनी २ हजार महिना भरलेत तर १ लाख २० हजारांचे साधारण १ लाख ४२ हजार ७०० होतात. वर्षभराचे हप्ते भरले की जमा रकमेच्या निम्मं कर्ज मिळतं, म्हणजे अडचणीला मोडायची गरज नाही. हप्ता चुकला तर शंभराला एक रुपया दंड.

राहिली पिग्मी. रोजचा गल्ला असणाऱ्या टपरीवाल्याला, भाजीवाल्या मावशीला ती सोयीची, तुम्हाला महिन्याला एकदाच पैसे येतात तर रोज कशाला कोणी दारात यायला हवं? वर्षाच्या आत काढली तर बहुतेक ठिकाणी व्याज देत नाहीत, उलट काहीतरी कापूनच हातात देतात. आणि महत्त्वाचं म्हणजे बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्या सुद्धा, ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. नाव कितीही मोठं असू दे, संचालक कितीही ओळखीचे असू देत. मी असते तर ५०० ची छोटी भिशी मैत्रिणींसाठी आणि १५०० ची आरडी असं केलं असतं. सरकारी पैसे यायला कधी कधी उशीर होतो, तेव्हा एका महिन्याचा हप्ता खात्यात आधीच टाकून ठेवा.

प्रश्न : लाइटबिल १०० युनिटच्या वर गेलं की सगळंच बिल डबल दराने लावतात ना? मग ९९ वर कसं ठेवायचं?

उत्तर : नाही हो, हा गैरसमज घरोघरी आहे. १०१वं युनिट आलं म्हणून आधीची १०० महाग होत नाहीत, वरच्या युनिटांनाच वरच्या स्लॅबचा दर लागतो. पण तो दर बराच जास्त असतो, त्यामुळे वाचवलेलं प्रत्येक युनिट वरच्या दराने वाचतं हे मात्र खरं. जुना पंखा ७५ वॅटचा, १५ तास चालला तर महिन्याला ३३-३४ युनिट, तोच बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणारा नवा पंखा ३० वॅटला साडेतेरा. एका पंख्यामागे २० युनिट. सगळे बदलायला जाऊ नका, जो दिवसरात्र चालतो तेवढा बदला. गिझर अर्धा तास म्हणजे एक युनिट, आणि मोबाइलचा चार्जर काढून ठेवण्यावरून मुलांना ओरडणं सोडा, त्यात काही नाही.

प्रश्न : ताई मी बारावी झाली आहे, लातूर. व्हॉट्सॲपवर घरबसल्या टायपिंगचं काम आलंय, महिना १८ हजार, पण आधी २५०० रजिस्ट्रेशन भरायचंय. भरू का?

उत्तर : नको गं बाई. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. २५०० गेले की ते म्हणतील तुझ्या टायपिंगमध्ये चुका निघाल्या, आता ॲग्रीमेंट मोडल्याचा दंड भर नाहीतर वकिलाची नोटीस येईल. ती नोटीस आली तरी घाबरू नको आणि घरी लपवू नको. कोणाचे गेलेच असतील तर लगेच १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन करायचा, जितका उशीर तितके पैसे मिळायची आशा कमी. तुला खरंच कमवायचं असेल तर तुमच्या लातुरात शिकवणीला तोटा नाही, बिल्डिंगमधल्या पहिली ते चौथीच्या पाच मुलांपासून सुरू कर, फी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घे, नंतर देतो म्हणणाऱ्या आयांना गोड बोलून पण नक्की सांग.

प्रश्न : बायको मॉलमधून मोठी पाकिटं आणते, आई म्हणते वर्षाचं धान्य भरा. घरात रोज वाद. खरं स्वस्त काय? (पनवेल, एक नवरा)

उत्तर : भाऊ, दोघींच्या मधे पडू नका, पाकिटावर बघा. एमआरपीच्या शेजारी आता ग्रॅममागे किंवा किलोमागे किंमत छापलेली असते, किलोच्या आतल्या पाकिटावर ग्रॅमची आणि वरच्यावर किलोची. ग्रॅमच्या किमतीला हजाराने गुणायचं की किलोशी तुलना झाली. मोठं पाकीट दर वेळी स्वस्त निघत नाही, साबण-पावडरीत निघतं, बिस्किट-फरसाणात निघालं तरी घरात दुप्पट वेगाने संपतं म्हणजे हिशोब तिथेच.

वर्षाच्या धान्यात आईंचं गव्हापुरतं बरोबर आहे. मार्च-एप्रिलमध्ये नवा गहू येतो तेव्हा भाव आणि प्रत दोन्ही चांगली, उन्हं देऊन कोठीत भरला तर टिकतो. तूरडाळही नवी आली की चार-सहा महिन्यांची घ्यायला हरकत नाही. पण रवा, मैदा, बेसन, शेंगदाणे असलं वर्षाचं भरून पनवेलच्या पावसात ठेवलंत तर जुलैत अळ्यांना वाढाल. आणि भरायचं ते पगारातल्या शिल्लक पैशातून, कर्ज काढून किंवा कार्डावर धान्य भरणाऱ्याला भावातल्या फरकाचा काहीच फायदा उरत नाही. गहू दळायला मात्र तुम्ही जा, म्हणजे निदान अर्धा वाद कमी होईल.