तैवानला अमेरिका देश म्हणून मान्यताच देत नाही, मग अमेरिकेत तैवानचा राजदूत काम कसं करतो?

राजदूत म्हणून नाही, 'प्रतिनिधी' म्हणून करतो, आणि काम जवळपास सगळं तेच असतं. 1979 मधे अमेरिकेने बीजिंगला, म्हणजे चीनच्या सरकारला मान्यता दिली तेव्हापासून वॉशिंग्टनमधे तैवानचा दूतावास नाही, 'तैपेई आर्थिक आणि सांस्कृतिक प्रतिनिधी कार्यालय' असं लांबलचक नाव असलेलं ऑफिस आहे (तसंच एक आता मुंबईतही आहे, 2024 ला उघडलं). पाटीवर तैवान हा शब्दच नाही, त्यामुळे ओळख जपायचं काम माणसालाच करावं लागतं. बी-खिम श्याओ यांचं करिअर बघा, जन्म जपानमधला, आई अमेरिकन, बालपण ताइनानमधे, मग अनेक वर्षं खासदार, आणि 2020 ते 2023 वॉशिंग्टनमधे प्रतिनिधी. जानेवारी 2021 मधे बायडनच्या शपथविधीला त्यांना अधिकृत निमंत्रण होतं, 1979 नंतर असं पहिल्यांदाच झालं, आणि बाईंनी तिथूनच व्हिडिओ टाकला की लोकशाही ही आपली सामायिक भाषा आहे. चीनचे डिप्लोमॅट 'वुल्फ वॉरियर' (लांडगा योद्धा, म्हणजे आक्रमक भाषा करणारे) म्हणून गुरगुरत होते तेव्हा यांनी स्वतःला 'कॅट वॉरियर' म्हणवून घेतलं, घरात खरीच मांजरं, त्यामुळे ते शोभलंही. चीनने त्यांच्यावर बंदी घातली तीही दोनदा. 2024 पासून त्या तैवानच्या उपराष्ट्राध्यक्ष आहेत.

फक्त हे सगळं एकट्या माणसाच्या हुशारीवर चालतं असं समजू नका, अमेरिकेत 1979 चा तैवान रिलेशन्स अ‍ॅक्ट (मान्यता नसतानाही तैवानशी संबंध चालू ठेवू देणारा कायदा) पाठीशी आहे, बाकी बहुतेक देशांत असा कायदाच नाही.