आधी धाकटीचं बघ, थोरल्याचा हात नंतर

सांगलीहून एका आईचं पत्र आलंय. थोडक्यात सांगते. थोरला सव्वाचार वर्षांचा, ज्युनिअर केजीत, सगळं डाव्या हाताने करतो. टीचर पेन्सिल काढून उजव्या हातात देतात आणि म्हणतात आत्ताच हात बदलला नाही तर ब्रेन नीट डेव्हलप होणार नाही. प्रसादाला डावा हात पुढे आला की सासूबाईंची चापट बसते. नवरा मात्र खूष, त्याला व्हॉट्सअॅपवर कळलंय की डावखुरे जीनियस असतात. आणि महिनाभर झाला, पोरगा बोलताना अडखळतोय. मग अगदी शेवटी ताजा कलम, "धाकटी दहा महिन्यांची आहे, ती पण सगळं डाव्याच हाताने घेते, उजव्याची मूठच उघडत नाही, दोघंही डावखुरे होणार वाटतं" आणि पुढे स्मायली.

अगं, मी तुझं पत्र वाचत वाचत त्या स्मायलीपाशी आले आणि तिथेच थांबले. थोरल्याचं आपण निवांत बोलू, धाकटीला मात्र याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे ने. वर्षाच्या आतलं बाळ साधारण दोन्ही हात वापरतं, आज हा उद्या तो, हात कुठला ते दोन ते चार वर्षांच्या दरम्यान पक्कं होत जातं, काहींचं तर पाच-सहापर्यंत. दहाव्या महिन्यात एकच हात चालतोय आणि दुसऱ्याची मूठ मिटलेलीच आहे, याचा अर्थ डावा हात आवडतोय असा नसून उजवा हात कमी चालतोय असा असू शकतो. कधी बाळंतपणात खांद्याजवळची नस ताणली गेलेली असते, कधी उजवा हात चालवणाऱ्या मेंदूच्या डाव्या बाजूला काही झालेलं असतं, आणि कधी काहीच नसतं, डॉक्टर हसून घरी पाठवतात. पण ते त्यांना ठरवू दे. काही असलंच तर या वयात थेरपीचा जेवढा उपयोग होतो तेवढा नंतर होत नाही. जाताना ती खेळणं घेतानाचा, रांगतानाचा व्हिडिओ मोबाईलवर काढून ने, दवाखान्यात गेल्यावर पोरं नेमकं ते करून दाखवत नाहीत.

आता थोरला. टीचरना वाटतंय की हात शाळेत ठरतो. बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत पीटर हेपर यांनी सोनोग्राफीत पोटातली बाळं कुठला अंगठा चोखतात ते बघून ठेवलं होतं आणि त्यातली 75 मुलं दहा-बारा वर्षांची झाल्यावर परत तपासली. उजवा अंगठा चोखणारी 60 होती, ती 60 च्या 60 उजव्या हाताची निघाली. डावा चोखणारी 15, त्यातली 10 डावखुरी. म्हणजे केजीच्या अॅडमिशनच्या किती आधी हे बरंचसं ठरून गेलेलं असतं बघ. जगात दहातला साधारण एक माणूस डावखुरा असतो, त्यात बिघाड काही नाही.

आणि हात बदलला म्हणजे मेंदू बदलला असंही होत नाही. जर्मनीत लहानपणी जबरदस्तीने उजवे केलेल्या मोठ्या माणसांचे स्कॅन घेतले, लिहीत होते उजव्या हाताने, पण हालचाल आखणारा मेंदूचा उजवा भाग, म्हणजे डाव्या हाताचा, त्यांच्यात जन्मजात उजव्यांपेक्षा जास्त राबत होता. मला हे वाचून हसूच आलं कारण मी त्यातलीच, शाळेत बाईंच्या पट्टीने माझा हात बदलला, आजही अक्षर उजव्या हाताचं आणि सुई ओवायची म्हटलं की डावा हात आपोआप पुढे.

नवऱ्याला पण सांग, जीनियस वगैरे काही नाही. डावखुरा म्हणजे "उजव्या मेंदूचा माणूस" हे फॉरवर्डपुरतंच. भाषेचं मुख्य काम बहुतेक डावखुऱ्यांचंही डाव्याच मेंदूत चालतं. ते उजवीकडे असण्याचं प्रमाण पक्क्या उजव्यांत 4 टक्के आणि पक्क्या डावखुऱ्यांत 27 टक्के सापडलंय, एवढाच काय तो फरक. उद्या तो बॉल उजव्या हाताने फेकायला लागला तरी गोंधळू नका. सचिन बॅटिंग-बॉलिंग उजव्या हाताने करायचा आणि सही डाव्या हाताने करतो, आणि तुमच्या सांगलीची स्मृती मानधना बॅट डावखुरी धरते पण मुळात उजव्या हाताची आहे.

अडखळण्याचं खापर लगेच हातावर फोडू नकोस. हात बदलल्याने तोतरेपणा येतो असं शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत जोरात मानलं जायचं, तसं पक्कं सिद्ध झालेलं नाही. दोन ते पाच वयात बरीच मुलं काही काळ अडखळतात आणि बहुतेकांचं आपोआप थांबतं. पण घरी चापट आणि शाळेत पेन्सिल काढून घेणं, यात कुठलं पोर मोकळं बोलेल? त्याचं वाक्य तू पूर्ण करू नकोस, "हळू बोल" म्हणू नकोस, नुसतं ऐक. सहा महिन्यांत थांबलं नाही किंवा बोलताना चेहरा, मान ताणली जायला लागली तर स्पीच थेरपिस्टकडे जा, त्याआधी गेलीस तरी चालेल.

टीचरशी भांडू नकोस, दोनच गोष्टी माग. बाकावर त्याला डाव्या टोकाला बसवा म्हणजे शेजारच्याच्या कोपराशी टक्कर होणार नाही, आणि वही डावीकडे सरकवून तिचं वरचं टोक उजवीकडे कलतं ठेवू द्या, म्हणजे मनगट वाकडं न करता लिहिलेलं दिसतं. पेन्सिल टोकापासून जरा वर धरायला शिकव, आणि डावखुऱ्यांची कात्री मिळते ती आण. साध्या कात्रीने कागद दुमडतो आणि सगळे म्हणतात पोरगंच वेंधळं.

सासूबाईंचं मात्र जपून. प्रसाद त्याने ओंजळीत घ्यावा, उजवा हात वर डावा खाली, त्यांचाही मान राहतो आणि त्याचाही. जेवण उजव्या हाताने जमत असेल तर जेवू दे, कितीतरी डावखुरे जेवतात तसं, पण त्याला जड जात असेल तर रेटू नका. आणि अगदीच ऐकेनात तर देवघरापाशी ने आणि विचार, आई आपला गणपती कुठल्या सोंडेचा? घरात डाव्याच सोंडेचा बसवतात, उजव्याचं सोवळं कडक म्हणून, हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

डॉक्टर धाकटीबद्दल काय म्हणाले ते मला लगेच कळव, थोरल्याच्या शाळेचं नंतर लिहिलंस तरी चालेल.