पार्किन्सनमध्ये जनुकातील बदलामुळे प्रथिनांच्या गुठळ्या कशा होतात?

नाशिकला पंचवटीत राहणाऱ्या माझ्या काकांना सदऱ्याचे एक बटण लावायलाही आता बराच वेळ लागतो, म्हणून हा प्रश्न मला फार जवळचा आहे. अल्फा-सिन्युक्लिन हे १४० अमिनो आम्लांचे प्रथिन चेतापेशींत एरवी सुटे आणि लवचिक असते. परंतु त्याच्या एसएनसीए जनुकात १९९७ साली सापडलेल्या बदलामुळे ५३व्या जागी अलॅनिनऐवजी थ्रिओनिन येते, रेणू घडी बदलून एकमेकांना लवकर चिकटतात आणि त्यांच्या तंतूंतून पुढे लेवी पिंडे, म्हणजे पेशीतल्या प्रथिनांच्या गुठळ्या, साचतात. जनुक निर्दोष असूनही त्याच्या जादा प्रती असल्या, तर नुसत्या अतिरिक्त प्रथिनानेही हेच घडते. जीबीए१ या दुसऱ्या जनुकातील दोषाने मात्र लायसोसोमचे, म्हणजे पेशीतील कचरा मोडणाऱ्या पिशवीचे, सफाईकाम मंदावते आणि प्रथिन साचत जाते. बहुतेक रुग्णांत असा एकच ठळक बदल सापडत नाही. काकांच्या तपासणीतही तो सापडला नाही.