फायरप्लेसचा पाइप सरळ वर नेऊ का?

प्रश्न: नमस्कार दादा, मागच्या वर्षी आम्ही कॅनडात कॅलगरीला घर घेतलं, दोन मजली आहे. हॉलच्या मधल्या भिंतीला गॅस फायरप्लेस बसवायचंय, पण बाहेरची भिंत लांब पडते म्हणून पाइप सरळ वर, बेडरूमच्या कपाटातून माळ्यावर आणि तिथून छताबाहेर काढायचा असं चाललंय. एकजण म्हणतो बी-व्हेंट टाका स्वस्त पडेल, दुसरा म्हणतो डायरेक्ट व्हेंटच घ्या. आमचे हे म्हणतात दोन्ही शेवटी पाइपच ना, स्वस्तातला घेऊ. मला मात्र कपाटातून गरम पाइप जाणार म्हटल्यावर झोप लागत नाहीये. (एक वाचक, कॅलगरी)

उत्तर: ताई, दोन्ही पाइपच आहेत हे खरं, पण जळायला हवा कुठून घेतात तिथेच सगळी गोम आहे. बी-व्हेंटवालं फायरप्लेस हवा घेतं तुमच्या हॉलमधली, आणि जळका वायू नुसता गरम आहे म्हणून वर चढतो, त्याला ढकलणारं कुणी नाही. आता तिकडची घरं थंडीसाठी गच्च बंद केलेली, त्यात तुम्ही मिरचीची फोडणी टाकली आणि अलार्म कोकलायला नको म्हणून ओट्यावरची चिमणी फुल स्पीडवर सोडली की ती घरातली हवा बाहेर फेकत सुटते, मग तेवढी हवा कुठून तरी आत यायलाच हवी आणि सगळ्यात मोकळी वाट कुठली, तर फायरप्लेसचा पाइप! म्हणजे जळका वायू उलटा हॉलमध्ये. त्यात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असला तर तो ना दिसतो ना त्याला वास येतो.

डायरेक्ट व्हेंटमध्ये एकात एक अशा दोन नळ्या असतात, आतली बहुतेक वेळा ४ इंची आणि बाहेरची साडेसहा इंचांच्या आसपास. आतल्या नळीतून जळका वायू वर जातो, दोन्हींच्या मधल्या फटीतून बाहेरची हवा खाली येते, पुढे काच सीलबंद. घरातल्या हवेशी त्याचं देणंघेणंच नाही, फोडण्या खुशाल टाका. तेव्हा माझं मत डायरेक्ट व्हेंट, आणि यात घासाघीस नको.

कपाटाचं सांगतो. बाहेरच्या नळीतून गार हवा येत असल्यामुळे हा पाइप बी-व्हेंटपेक्षा कमी तापतो, पण म्हणून साड्यांच्या शेजारी उघडा ठेवायचा नाही, त्याच्याभोवती ड्रायवॉलची, म्हणजे जिप्समच्या बोर्डाची, पेटी करायची. लाकडापासून किती अंतर हवं ते तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असतं, उभ्या पाइपला बऱ्याचदा १ इंच, आणि ती जागा रिकामीच राहायला हवी. लोक काय करतात, गार वारा येतो म्हणून तिथे फायबरग्लास कोंबतात. अहो, ती मोकळी हवाच तिथे लाकडाला वाचवते, कोंबलंत की उष्णता अडकली! प्रत्येक मजल्याच्या छताला पाइपभोवतीचं भोक बंद करणारा पत्र्याचा फायरस्टॉप लागतो, नाहीतर आग लागली तर ती पेटी म्हणजे वर चढायला आयता जिना. माळ्यावरचं भुसभुशीत इन्सुलेशन पाइपवर पडू नये म्हणून तिथे वेगळं शील्ड बसतं. एका कंपनीचा पाइप, दुसरीचा एल्बो (वळणाचा जोड) असली खिचडी करायची नाही, मॅन्युअलमध्ये ज्यांची नावं आहेत तेच भाग.

आता जे कुणी सांगत नाही ते. आपल्या डोक्यात चुलीचं धुराडं असतं, जेवढं उंच तेवढं बरं. पण उंच सरळ पाइप इतका जोरात ओढतो की ज्योत ताणली जाते, बर्नरवरून उचलली जाते, कधी विझतेच, आणि तुम्ही पैसे मोजलेली ऊब छताबाहेर जाते. ही ओढ कमी करायला रिस्ट्रिक्टर नावाची छोटी पट्टी असते, पाइपची उंची आणि वळणं बघून ती किती बंद ठेवायची याचा तक्ता मॅन्युअलमध्ये असतो. मी एका घरी गेलो होतो तिथे फायरप्लेस सारखं विझायचं म्हणून आधीच्या माणसाने थर्मोकपल (ज्योत पेटलीय का हे ओळखणारा भाग) दोनदा बदललेला, बिल दोनदा लावलेलं, आणि रिस्ट्रिक्टरला हातही लावला नव्हता. दहा मिनिटांचं काम. म्हणून आधी पाइपचा रस्ता आणि उंची कागदावर काढा, मग त्या उंचीला चालेल ते मॉडेल घ्या, उलटं नको.

छतावरची टोपी किती वर हवी ते उतारावर ठरतं. ६/१२ पर्यंतच्या उताराला (१२ इंच आडवं गेलं की ६ इंच चढ) साधारण किमान १ फूट, १२/१२ ला ४ फुटांपर्यंत जातं, वर तुमच्याकडचा बर्फ धरायचा. पाइप घरातून जातोय हे एका परीने बरंच, कारण १ घनमीटर गॅस जळला की साधारण दीड लिटर पाण्याची वाफ होते आणि पाइप गार असला तर तिचं पाणी सुटतं. सुरू केल्यावर काही मिनिटं काच धुरकट दिसली तर घाबरू नका, तीच वाफ आहे.

काम लायसन्सवाल्या गॅसफिटरकडूनच, परमिट काढून, आणि पेटी बंद करायच्या आधी इन्स्पेक्शन करून घ्या, नंतर ड्रायवॉल फोडायला कुणालाच आवडत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बेडरूमजवळ हवाच.

प्रश्न: दादा, फायरप्लेस आमच्या नशिबात नाही, पण बाथरूममध्ये छोटा गॅस गीझर आहे, त्यालाही असा पाइप लावून घेऊ का? खिडकी लहान आहे, थंडीत बंदच असते. (वाचक, पुणे)

उत्तर: नका लावू. या छोट्या गीझरला वर नुसती जाळी असते, जळका वायू तिथून थेट खोलीत येतो, पाइप जोडायची सोयच नसते, त्यामुळे पत्र्याचा जुगाड करून काही होणार नाही. गीझर ड्राय बाल्कनीत हलवा, आत फक्त गरम पाण्याची लाइन घ्या. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, अंघोळीला गेलेलं माणूस कडी लावून आत असतं आणि हाक मारायची शुद्धही राहत नाही. घरात कुणी अंघोळीनंतर डोकं जड झालं म्हणालं तर पित्त असेल म्हणून सोडून देऊ नका, गीझर बंद, दारं-खिडक्या उघड्या, माणूस मोकळ्या हवेत आणि लगेच डॉक्टर. प्लंबर येईपर्यंत पाणी किचनमध्ये पातेल्यात तापवा, खिडकी उघडी ठेवून.